मामीच्या फायलीपासून सुरू झालेली वकिली

सप्रेम नमस्कार,

तुमचं पत्र मिळालं. तुम्ही एसटीच्या वर्कशॉपमध्ये नोकरी करता, मुलगी बारावीला कला शाखेत आहे आणि तिला वकील व्हायचंय. तेही अपघातात जखमी झालेल्यांचे, घरचा कर्ता गेलेल्यांचे आणि फसवल्या गेलेल्या ग्राहकांचे दावे लढणारी. तीन वर्षांपूर्वी तिच्या मामाला ट्रकने उडवलं, मागच्या महिन्यात त्या दाव्याचा निकाल लागला आणि आता ती दुसरं काही ऐकायलाच तयार नाही. तुम्ही विचारलंय, ‘यात पोट भरतं का? शिवाय ही सगळी लाइन क्लेमवाल्या एजंटांची. तिथे आपल्या पोरीचं काय काम?’

पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं. मामीसोबत पोलीस ठाणं, सिव्हिल हॉस्पिटल आणि आरटीओचे हेलपाटे ‘हीच घालत होती’, असं तुम्ही जाता जाता लिहून गेलात. एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, ट्रकची विमा पॉलिसी हे सगळं शाळकरी मुलीने गोळा केलं. तेव्हा तिला नुसता वैताग आला होता की त्यात कुठेतरी रसही वाटला होता, हे तिला निवांतपणे विचारा. माझं निम्मं उत्तर तिच्या उत्तरात आहे.

असं म्हणण्याचं कारण सांगतो. ती अमेरिकन कोर्टाच्या मालिका बघते, असंही तुम्ही लिहिलंय. तिथे अशा दाव्यांत ज्युरी, म्हणजे सामान्य नागरिकांचं पंचमंडळ, बसते, वकील तिच्यापुढे भाषण ठोकतो, आणि जिंकल्यावर भरपाईतला हिस्सा, बऱ्याचदा तिसरा हिस्सा, फी म्हणून रीतसर घेतो. आपल्याकडे यातलं काहीच नाही. निकाल मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचे, म्हणजे एमएसीटीचे न्यायाधीश देतात. निकालावर फी ठरवायला किंवा भरपाईत वाटा मागायला वकिलांवर देखरेख करणाऱ्या बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलाला मनाई आहे. जाहिरात करायलाही मनाई आहे. मग उरतं काय? कागद, साक्षीदार आणि हिशेब.

हिशेबाचंच घ्या. समजा, दूध गोळा करणारा टेम्पोवाला, वय ३४, अपघातात गेला. मागे बायको, दोन मुलं आणि आई. घरचे सांगतात, महिन्याला १८,००० सुटायचे. वर्षाचे झाले २,१६,०००. स्वतःचा धंदा आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे पुढे वाढू शकणाऱ्या कमाईपोटी ४० टक्के मिळवायचे: ३,०२,४००. अवलंबून असणारे चौघे, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी पाव हिस्सा वजा: २,२६,८००. आता २००९ च्या सरला वर्मा निकालातल्या तक्त्यात ३१ ते ३५ वयाला १६ चा गुणक आहे. गुणाकार येतो ३६,२८,८००. अंत्यविधी वगैरेच्या ठरावीक रकमा वेगळ्या.

आता विमा कंपनीचा वकील उलटतपासात त्याच्या बायकोला एवढंच विचारतो, ‘अठरा हजारांचा काही कागद आहे का?’ ती गप्प. न्यायाधीश अंदाजाने १२,००० धरतात. तोच हिशेब पुन्हा मांडला, की २४,१९,२०० येतात. १२ लाखांहून जास्त फरक, तोही एका कागदावरून. चांगला वकील हा कागद अर्ज दाखल करण्याआधी शोधतो: डेअरीचं दहा दिवसांचं बिल, बँकेचं पासबुक, टेम्पोच्या हप्त्यांची पावती. (ज्याच्या खात्यातून दरमहा नऊ हजारांचा हप्ता वेळेवर जातो, तो महिन्याला बारा हजार कमावतो म्हणणं जरा अवघडच.) डेअरीच्या सचिवाला साक्षीला आणतो. त्यात वक्तृत्व कुठेच नाही, पण त्या मुलांची शाळा त्यावर चालते.

जखमींच्या दाव्यात काम आणखी बारीक. गवंड्याचा पाय गुडघ्याखाली कापला, तर दाखल्यावर अपंगत्वाची टक्केवारी लिहिलेली असते. विमा कंपनी त्या टक्केवारीला धरून बसते. पण २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजय कुमार या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय, की शरीराचं अपंगत्व आणि कमावण्याची ताकद जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऑफिसात बसून लिहिणाऱ्याचं काम त्या पायावाचून कदाचित चालेल. गवंडी परांचीवर चढणार कसा? हे न्यायाधीशांपुढे आणायचं, तर डॉक्टरला साक्षीला बोलवावं लागतं आणि त्याआधी डिस्चार्ज कार्ड, एक्स-रेचा अहवाल हे स्वतःला वाचता यावं लागतं. तुमची मुलगी कला शाखेची आहे, याने काही बिघडत नाही. पण शरीराची ओळख आणि टक्केवारी यांना ती भीत असेल तर तिला आत्ताच सांगा.

एजंटांची तुमची भीती खोटी नाही. अपघात झाला की दवाखान्याच्या दारात कुणीतरी येतं, कोऱ्या कागदांवर सह्या घेतं, ‘पैसे आले की बघू’ म्हणतं आणि मग निम्मी रक्कम मागतं. खोटं वाहन उभं करणं, खोटा ड्रायव्हर दाखवणं असेही प्रकार होतात. त्यात वकिलांवर गुन्हे दाखल झालेत, सनदा, म्हणजे वकिलीचे परवाने, निलंबित झाल्यात. नव्या वकिलाला पहिल्या दोन वर्षांतच असा एखादा माणूस भेटतो आणि ‘मॅडम, महिन्याला दहा केसेस देतो, कमिशनचं ठरवू’ म्हणतो. तेव्हा खिशात पैसे नसतात, नाही म्हणणं जड जातं. म्हणूनच घरून पाठिंबा किती वर्षं मिळणार, हा प्रश्न पैशांपुरता राहत नाही.

आता पैसेच बोलू. बारावीनंतर पाच वर्षांचा विधी अभ्यासक्रम, त्यासाठी राज्याची सीईटी. खुल्या गटाला बारावीत किमान ४५ टक्के हवेत. सरकारी किंवा अनुदानित कॉलेज मिळालं तर फीचा बोजा सोसण्याजोगा असतो. खासगी विद्यापीठाचं चकचकीत माहितीपत्रक बघून कर्ज काढू नका; या लाइनीत पहिल्या पाच वर्षांत ते फेडणं कठीण. पदवीनंतर बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाची सनद आणि अखिल भारतीय बार परीक्षा. सनदेसाठी राज्याराज्यांत हजारो रुपये घेतले जायचे. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये कायद्यातल्या ७५० रुपयांवर बोट ठेवलं आणि ते थांबवलं.

मग खरी परीक्षा: सीनियरकडे उमेदवारी. बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२४ मध्ये ज्युनियरला शहरात दरमहा २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत, अशी शिफारस केली. शिफारसच ती. तालुक्याच्या कोर्टात अजूनही पेट्रोलच्या पैशांवर भागवणारे ज्युनियर मला भेटतात. चार-पाच वर्षं तिने घरी पैसे मागितले तर तुम्हाला चालेल का? चालणार नसेल तर तिला तसं स्पष्ट सांगा, आणि तिने विमा कंपनीच्या पॅनेलवरच्या वकिलाकडे काम शिकावं. समोरची बाजू दावा कसा पाडते, हे तिथे शिकायला मिळतं. पुढे पीडितांच्या बाजूने उभं राहताना ते कामाला येतं. काहींना हा सल्ला रुचत नाही. मी तरीही देतो.

नुसत्या अपघात दाव्यांवर अवलंबून राहू नये, म्हणून ग्राहक आयोगाचं काम जोडीला हवंच, आणि तुमच्या मुलीला ते आवडतंही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगात, आणि ५ लाखांपर्यंत शुल्कच नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करावी लागते, आणि ती ग्राहक राहतो त्या जिल्ह्यातही करता येते. सदोष वस्तूने इजा झाली तर उत्पादकाला जबाबदार धरण्यासाठी या कायद्यात स्वतंत्र प्रकरण आहे. रोजचं काम मात्र जास्त करून नाकारलेले मेडिक्लेम, रखडलेले फ्लॅट, दवाखान्यातला हलगर्जीपणा. इथे ग्राहक स्वतःही बाजू मांडू शकतो. तेव्हा वकिलाने आपली गरज सिद्ध करावी लागते. पॉलिसीतल्या बारीक इंग्रजी अटी वाचून कंपनीने दावा नेमका कुठे चुकीचा नाकारला हे दाखवणं, ही ती गरज. तालुका-जिल्ह्याला मराठीत बरंच भागतं, पण पॉलिसी आणि वरच्या कोर्टाचे निकाल इंग्रजीत असतात. इंग्रजी वाचन तिने आजपासून वाढवावं. बोलणं नंतर येईल.

मुलगी म्हणून काळजी वाटते, असंही तुम्ही लिहिलंय. सीनियर निवडताना त्याच्या ऑफिसात स्त्री ज्युनियर किती वर्षं टिकल्या, ते विचारा. आणखी काही पाहायची गरज नाही.

बारावीची परीक्षा झाली की तिला चार दिवस जिल्हा न्यायालयात नेऊन बसवा. कोर्ट उघडं असतं, कुणी अडवत नाही. एक दिवस लोकअदालतीचा असू द्या. तिथे विमा कंपनी आकडा टाकते, आणि वकिलाला दहा मिनिटांत एका विधवेला समजावून सांगावं लागतं की हा आकडा घ्यावा की आणखी काही वर्षं तारखांना यावं. तिथे झालेल्या तडजोडीवर अपील नसतं. तो वकील तिच्याशी कसा बोलतो, हे मुलीने जवळून बघावं.

आणि मामीच्या निकालाची प्रत तिच्या हातात द्या. उत्पन्न किती धरलं, टक्के किती मिळवले, वजावट किती केली, गुणक कोणता लावला, हे तिने वर लिहिलेल्या पद्धतीने एकेक ओळ ताडून पाहावं. कुठे चूक दिसली तर लगेच तुमच्या वकिलांना दाखवा. हायकोर्टात अपिलाची मुदत ९० दिवसांची असते, आणि त्यातला एक महिना गेलाय.