वाचक विचारतात: मशीन असताना कागद कशाला चाचपायचा?

प्रश्न: मुलीकडे बर्मिंगहॅमला गेलो होतो, तिथल्या युनिव्हर्सिटीतली जुन्या कुराणाची दोन पानं कार्बन डेटिंगने 568 ते 645 मधली ठरली असं कळलं. एवढं मशीन सांगतंय तर अभ्यासक लोक जुन्या हस्तलिखितांचे कागद उजेडाला धरून, शिवण मोजत काय बसतात?
– एक निवृत्त शिक्षक, सातारा

उत्तर: सर, मजा म्हणजे त्या पानांचीही सुरुवात डोळ्यांनीच झाली. अल्फोन्स मिंगाना यांनी 1920च्या दशकात जमवलेला हा संग्रह, पैसे एडवर्ड कॅडबरींचे, हो तेच चॉकलेटवाले. त्यात ही दोन पानं दुसऱ्याच एका कुराणाच्या पानांत चुकून बांधली गेलेली, अल्बा फेदेली या संशोधक बाईंनी पीएचडीच्या वेळी ती नीट निरखली म्हणून पुढे टेस्ट करायचं ठरलं, आणि 2015ला बातमी झाली. शिवाय ते वय चर्मपत्राचं, म्हणजे जनावर कधी मेलं ते कळतं, शाई कधी लागली ते नाही. आणि साधारण 1650 नंतरच्या कागदाला कार्बन डेटिंग लावलं तर उत्तरच शे-दोनशे वर्षं इकडेतिकडे येतं, मग काय करणार?

म्हणून हात आणि डोळे. पान टेबलावर ठेवून टॉर्च बाजूने, अगदी आडवा धरायचा, की बारीक सरळ चऱ्या दिसायला लागतात. या आखलेल्या नाहीत बरं का, मिस्तराच्या आहेत. पुठ्ठ्यावर दोरे ताणून बसवायचे, त्यावर कोरा कागद ठेवून अंगठ्याने दाबत न्यायचं, झाल्या ओळी तयार, शाईचा थेंब न वापरता. मध्येच ओळींची संख्या बदलली तर समजायचं मिस्तर बदललं, कदाचित लिहिणाराही.

कागदाचं म्हणाल तर चिंध्यांचा लगदा, वर खळ लावून दगडाने घोटलेला, आपल्या दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचंही नाव त्यासाठीच. या कागदात वॉटरमार्क, म्हणजे कागद बनवतानाच उमटवलेली खूण, नसतो. उजेडाला धरल्यावर ओळीत तीन चंद्रकोरी दिसल्या तर तो इटलीहून ऑटोमन, म्हणजे तुर्की साम्राज्याच्या बाजारात गेलेला माल, वर लिहिलेलं अरबी असलं तरी.

बाकी पाच ताव दुमडून दहा पानांची जुडी, बाईंडिंगला पाकिटासारखी झाकणारी जीभ, हे सगळं बघायचंच, पण मला स्वतःला किड्यांची भोकं जास्त आवडतात. एका पानाचं भोक पुढच्या पानाच्या भोकावर बसलं पाहिजे, नाही बसलं तर पानं नंतर कोणीतरी हलवलीत. काही लेखनिक पहिल्या पानावर 'या कबीकज' लिहायचे, म्हणजे 'हे कबीकजा', किड्यांचा राजा मानलेल्या कबीकजाला अशी हाक मारली की कसर लांब राहते असा समज. तशा पानांनाही भोकं असतात.