भिंतीवरचा पट्टा आणि काकूंचा तोल

माझ्याकडे येणाऱ्या साठी-सत्तरीच्या लोकांचा एक ठरलेला प्रश्न असतो, "मॅडम, एकदा पडलो तेव्हापासून पायावर भरवसाच नाही, आता वय झालं म्हणून कमीच चालावं ना?" यावर उत्तर देण्यापेक्षा नागपुरातल्या त्रिमूर्तीनगरकडच्या एका काकूंचं सांगते (ओळख पटेल असं सगळं बदललंय).

काकू ६७ च्या, शुगर बरीच जुनी. पावसाळ्यात मोरीत घसरल्या, नशीब की नुसतं खरचटलं. पण त्यानंतर सात महिने घराबाहेर नाही, भाजी नाही, टेकडी गणपती नाही. मुलाला वाटलं डिप्रेशन आहे म्हणून माझ्याकडे आणलं. मला म्हणाल्या, "चक्कर नाही येत जी, पण पाय उचलला का असं वाटते आता गेले मी."

मी एकदा त्यांच्या घरी गेले तर बेडरूमपासून किचनपर्यंतच्या भिंतीवर कमरेच्या उंचीला हाताचा एक मळकट पिवळा पट्टा. सात महिने तळहात टेकवत चालल्याचा! आणि भिंत नसेल तिथे काका त्यांचा दंड धरून, असा घट्ट की बांगड्या रुतायच्या.

आधी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं, हे कधीच टाळायचं नाही. झोपून आणि मग उभं राहून बीपी, कान, चष्मा, बी१२, पायाची संवेदना आणि चालू गोळ्यांची सगळी यादी. काकूंच्या यादीत रात्रीची झोपेची गोळी निघाली, ती डॉक्टरांनीच हळूहळू कमी केली, आपल्या मनानं बंद करू नका बाप्पा. आणि तळपायाला जमीन नीट कळत नव्हती, शुगरमुळे नसांवर परिणाम झालेला.

इथे मी त्यांना काठीचं उदाहरण दिलं. लहानपणी तळहातावर काठी उभी धरायचो ना, हात सतत थोडाथोडा हलत असतो तेव्हाच ती उभी राहते, तसंच आपलं शरीर आहे, आपण उभे असतो तेव्हा स्थिर कधीच नसतो, घोट्यावर सारखे जरासे डोलत असतो आणि पोटऱ्या सारख्या सावरत असतात. सावरायचं कुठे आणि किती, ही खबर तीन ठिकाणांहून मेंदूला जाते: डोळे, आतला कान (प्रत्येक कानात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या डोकं वळल्याचं सांगतात, आणखी दोन छोटे अवयव डोकं कलल्याचं आणि पुढे-मागे गेल्याचं), आणि तळपाय-सांधे. काकूंच्या तळपायाची खबर कमी झाली म्हणून सगळा भार डोळ्यांवर आला. मग तोंडाला साबण लावून डोळे मिटले की झालं! रॉम्बर्ग नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १९व्या शतकात हेच टिपलं होतं, पायाची जाणीव गेलेला माणूस डोळे मिटले की डोलायला लागतो, आजही ती तपासणी त्यांच्याच नावानं करतात.

वरून भीती. घाबरलेला माणूस पाय ताठ करतो, नजर फरशीला खिळवतो, म्हणजे जे डोलणं सावरायचं तेच आवळून टाकतो, आणि ताठ माणूस लवकर पडतो.

भिंत एकदम सोडा असं मी म्हटलं नाही. फिजिओथेरपिस्टनी प्लॅन दिला, समोर ओटा, मागे खुर्ची, रोज दहा मिनिटं. आधी पूर्ण तळहात ओट्यावर ठेवून पाय जोडून उभं राहायचं, मग दोन बोटं, मग एक बोट, मग बोट नुसतं वर. गंमत अशी की एका बोटाच्या हलक्या स्पर्शानंही डोलणं कमी होतं, तो टेकू नसतो, मेंदूला मिळालेली चौथी खबर असते. हे ऐकल्यावर काकूंना भिंतीची लाज वाटायची थांबली, मला तरी ते जास्त महत्त्वाचं वाटलं. नंतर एका पायापुढे दुसरा पाय ठेवून दहा सेकंद, हात न लावता खुर्चीतून उठणं, मान वळवत चालणं, उभ्याउभ्या किराण्याची यादी सांगणं. डोळे मिटून करायचं असेल तर कुणीतरी बाजूलाच हवं. घरातलं सुटं पायपुसणं काढलं, रात्रीचा दिवा लावला, मोरीत दांडा बसवला.

चौथ्या आठवड्यात सकाळीच फोन, रडवेला आवाज, "मॅडम, मी गेटपाशी पडता पडता राह्यली, आता नाही होत माह्याकडून." मी विचारलं, नेमकं काय झालं? तर मागून गाडीचा हॉर्न वाजला, त्या झपकन वळल्या, तोल गेला. मग? "मग काय, पाय आपोआप पुढे पडला न जी." दोन सेकंद दोघीही गप्प. मग त्याच हळूच म्हणाल्या, "म्हंजे मीच सावरलं का?" हो काकू, तुम्हीच. थोडा तोल गेला तर घोटा सावरतो, जास्त गेला तर कंबर, त्याहून जास्त गेला तर पाऊल पुढे पडतं, आणि ते पाऊल सात महिन्यांनी परत आलं होतं. माझ्या शंभर समजावण्यांनी झालं नसतं ते त्या एका हॉर्ननं केलं.

आता काकू कोपऱ्यावरून भाजी आणतात. रात्री बाथरूमला जाताना दोन बोटं भिंतीला असतात, असू देत. काका मात्र अजून दंड धरतात, त्या हात झटकतात, रस्त्यातच भांडण. मंगळवारी काकांना एकटंच बोलावलंय.