प्रचाराला उतरण्याआधी

चि. लेकरा,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. घेतलेलं कर्ज फेडावं, भांडायचं तर कायद्यानं भांडावं, चालती संस्था रागाच्या भरात मोडू नये, हे तू मनापासून मानतोस. आणि आपल्या तालुक्यात प्रस्थापितांपुढे छाती काढून उभा राहिलेला एकुलता एक माणूस यातलं काहीच मानत नाही. त्याच्या प्रचाराला उतरू का, असं विचारलंस.

आधी एक सांगतो. तुझी तत्त्वं तुला प्रस्थापितांच्या दारात नेत नाहीत. जुनं जपायचं म्हणजे जुनी घराणी जपायची, असा पुष्कळांचा समज असतो. मी गटसचिव म्हणून, म्हणजे गावोगावच्या शेतीकर्ज सोसायट्यांचा सचिव म्हणून, उभी हयात त्यांच्या दप्तरात घालवली आहे. सहकाराची घडी कोणी विस्कटली ते मी हाताच्या अंतरावरून पाहिलं. वार्षिक सभेची नोटीस आदल्या रात्री भिंतीला लागायची, तीही मागची तारीख टाकून. अहवाल छापलेले असायचे, पण गठ्ठा चेअरमनच्या जीपमध्ये. सभेत विषय वाचायचा अवकाश, पुढे बसवलेली पोरं ‘मंजूर, मंजूर’ ओरडायची. चहा येईस्तोवर ताळेबंद, नफावाटणी, लेखापरीक्षकाची नेमणूक, सगळं उरकलेलं. मयत सभासदांची नावं यादीतून कधी निघत नसत. वसूल न झालेलं कर्ज मार्चअखेर नवं-जुनं करून, म्हणजे नव्या कर्जातून जुनं फेडल्याचं दाखवून, कागदावर वसूल व्हायचं. १९६० च्या सहकार कायद्यानं सभासदाला मालक केलं, आणि त्या मालकाला या मंडळींनी दाराबाहेर उभं ठेवलं.

तेव्हा तुझा राग रास्त आहे. संस्था जशी चालायला हवी तशी चालावी म्हणून आलेला तो राग आहे, आणि असा राग असलेल्या पोरांची आपल्याकडे फार गरज आहे. न्यायमूर्ती रानडे म्हणत, खऱ्या सुधारकाला कोऱ्या पाटीवर लिहायचं नसतं, बहुतेकदा अर्धवट राहिलेलं वाक्य पुरं करायचं असतं. बंडखोराला साथ देऊनही ते काम होऊ शकतं. म्हणून तो प्रस्थापितविरोधी आहे एवढ्यावरून मी त्याला नको म्हणणार नाही.

त्याचं चांगलंही मी पाहिलंय. पीकविम्याचे पंचनामे अडले तेव्हा तो शेतकऱ्यांबरोबर कृषी कार्यालयासमोर बसून राहिला, आणि काम करून घेऊनच उठला. धाडस आहे त्याच्यात, आणि ते नाटकी नाही. पण बाजारच्या दिवशी झालेली त्याची सभा मी पूर्ण ऐकली. कोणीही कर्ज भरू नका म्हणाला, आणि वर तहसीलचं दप्तर पेटवून द्या म्हणाला. टाळ्या दुसऱ्या वाक्याला जास्त पडल्या.

लेकरा, त्या दप्तराचंच मला फार लागलं. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट गेली. ती जावी म्हणून स्वामी रामानंद तीर्थांच्या मागे आपल्याच गावांतली माणसं तुरुंगात गेली. त्याहून मोठी प्रस्थापितविरोधी लढाई मराठवाड्यानं लढलेली नाही. पण राजवटीबरोबर तिचं दप्तर गेलं नाही. १९५० च्या हैदराबाद कूळ कायद्यानं कुळाला हक्क दिला, पण तो हक्क टिकला नोंदीच्या जोरावर. पन्नासच्या दशकातलं खासरा पाहणी पत्रक आजही जमिनीच्या दाव्यात पुरावा म्हणून पुढे येतं. आणि २०२३ मध्ये निजामकालीन कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली, तेव्हा काय झालं आठव. मोडी वाचणारे, उर्दू वाचणारे म्हातारे शोधत लोक गावोगाव फिरले. हात लावला की तुकडा पडेल अशी पानं हळूच उलटत आपल्या पणजोबाचं नाव शोधत बसले. आरक्षणाबद्दल तुझं मत काय, माझं काय, ते बाजूला ठेव. ज्या राजवटीला आपण उलथून टाकलं, तिच्या कारकुनानं केलेली नोंद पाऊणशे वर्षांनी गरिबाच्या कामाला आली. दप्तर जळालं तर आधी कोण बुडेल? मोठ्यांच्या कपाटात सगळ्याच्या नकला असतात, आणि वकीलही असतो. बुडेल तो तुझ्या वस्तीवरचा दोन एकरवाला, ज्याच्याकडे सातबाऱ्याशिवाय काही नाही.

कर्जाबद्दल मी इतका कडक नाही. सोयाबीन पाण्यात गेलेल्या माणसाकडे वसुलीला जाताना माझे पाय जड व्हायचे. २००८ ची केंद्राची कर्जमाफी, २०१७ ची दीड लाखांपर्यंतची, २०१९ ची दोन लाखांपर्यंतची, तिन्ही वेळा काही घरं खरोखर सावरली. पण ऐपत असलेल्यानंही भरू नये, असं व्यासपीठावरून सांगणं वेगळं. सोसायटीची वसुली थकली की पुढच्या कर्जवाटपाला कात्री लागते, आणि जूनमध्ये बियाण्याला पैसे लागतात तेव्हा तोच दोन एकरवाला खासगी सावकाराच्या ओट्यावर जाऊन बसतो.

तू वाचणारा आहेस म्हणून स्वतंत्र पक्षाची आठवण देतो. राजाजी, मिनू मसानी, प्रा. रंगा यांनी १९५९ मध्ये तो काढला. प्रत्येक धंद्याला सरकारी परवाना लावणारं परमिटराज नको, शेतकऱ्याची जमीन त्याच्या मालकीची राहू द्या, सरकारनं हात आखडून खर्च करावा, अशी भूमिका. तुला पटेल अशीच. १९६७ मध्ये लोकसभेत त्यांचे ४४ जण निवडून आले. १९७१ मध्ये इंदिराबाईंना हटवायचं म्हणून ते बड्या आघाडीत गेले, समाजवाद्यांच्या मांडीला मांडी लावून, आणि आठांवर आले. आघाडी केली म्हणूनच हरले असं मी म्हणणार नाही, समोरची लाट मोठी होती. पण ‘हिला हटवा’ एवढंच बोलणं उरल्यावर परमिटराजाबद्दल त्यांच्या तोंडून लोकांनी काय ऐकायचं? १९७४ मध्ये पक्ष भारतीय लोकदलात विरून गेला.

याउलट शेतकरी संघटनेच्या शरद जोशींचं बघ. २००४ मध्ये ते राज्यसभेवर गेले ते शिवसेना-भाजपच्या पाठिंब्यावर. २०१० मध्ये महिला आरक्षण विधेयक आलं. बाजूनं १८६ आणि विरोधात एक, आणि ते एक मत त्यांचं. चांदवडला १९८६ मध्ये लाखो शेतकरी बायांचं अधिवेशन भरवणारा, लक्ष्मीमुक्तीतून बायांच्या नावावर जमिनी करायला लावणारा हा माणूस. विधेयकात मतदारसंघ फिरते ठेवण्याची जी पद्धत होती ती त्यांना मान्य नव्हती. ते मत बरोबर की चूक यावर आपण कधीतरी निवांत वाद घालू. पण दुसऱ्याच्या पाठिंब्यावर जाऊनही त्यांनी आपली जीभ गहाण टाकली नव्हती.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. मत देणं आणि प्रचार करणं यांत मी फरक करतो. मत गुप्त असतं. समोर जे उभे आहेत त्यांतला त्यातल्या त्यात बरा निवडायचा, आणि ते मत तू त्याला दिलंस तरी मी शब्दानं विचारणार नाही. प्रचार म्हणजे मात्र जामीन राहणं. तू दारोदार जाशील तेव्हा बाया-माणसं त्याचं तोंड पाहून मत देणार नाहीत, तुझं पाहून देतील. अमक्याचं शिकलेलं लेकरू सांगतंय म्हणून देतील. सोसायटीत मी जामीनदारांची दशा पाहिली आहे. कर्जदार पुण्याला निघून जातो आणि सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला जामीनदाराच्या दारावर येतो.

म्हणून सही करण्याआधी त्याला भेट. पोरांच्या गराड्यात नको, जेसीबीतून फुलं उधळत असतील तेव्हा तर नकोच. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत राजकारणातल्या भक्तीबद्दल बजावलं होतं की ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. ते भाषण त्याला भेटण्याआधी पुन्हा वाच. मग एकट्यानं जा आणि सरळ विचार. दप्तराबद्दलचं वाक्य त्याच बाजारात, त्याच माईकवरून मागे घेणार का? निवडून आल्यावर सहकारी बँक बंद पाडण्याऐवजी त्याच कायद्याच्या कलम ८३ खाली कारभाराची चौकशी आणि कलम ८८ खाली संचालकांवर नुकसानीची जबाबदारी, हे लावून धरणार का? आणि निकालानंतर पाठिंबा कोणाला? हे तिसरं नक्की विचार. १९९५ मध्ये महाराष्ट्रात ४५ अपक्ष निवडून आले, त्यांत काँग्रेसचे बंडखोर पुष्कळ होते, आणि युतीचं सरकार उभं राहिलं ते अपक्षांच्या टेकूवर. मत देताना कितीजणांना ते ठाऊक होतं?

तो तिन्हींना हो म्हणाला, आणि पहिलं त्यानं करून दाखवलं, तर मागेपुढे पाहू नकोस. जीव तोडून काम कर. आमच्या गावातल्या सभेला मी स्वतः तुझ्याबरोबर येईन. उडवाउडवी केली, तर त्याच्या झेंड्याखाली दारोदार फिरू नकोस, मग समोरचा कितीही नकोसा असो.

आणि दोन्हीपैकी काहीही झालं तरी तुमच्या सोसायटीची निवडणूक आहेच. तू सभासद आहेस. कलम ३२ खाली कागद पाहायचा आणि नक्कल घ्यायचा तुला हक्क आहे. मागचे अहवाल, लेखापरीक्षणाचा दोषदुरुस्ती अहवाल आणि सभासद यादी, एवढंच माग. यादीतली मयत नावं गावातल्या जाणत्या माणसांना बसवून टिपून काढ. अर्जाचा मसुदा या पत्रासोबत पाठवतो आहे. दोन प्रती कर, सचिवाला एक दे आणि दुसरीवर तारखेसकट पोच घे. पोच द्यायला टाळाटाळ केली तर स्पीड पोस्टानं पाठव आणि मला फोन कर.

तुझा,
काका