फोर-डी बायोप्रिंटिंगने तयार झालेली किडनी चार-पाच वर्षांत मिळेल का?

तुम्ही लिहिलंय की वडील डायलिसिसवर आहेत, तुम्ही पुण्यात राहता, आणि फोर-डी बायोप्रिंटिंगचा व्हिडिओ पाहून 'तोवर थांबावं का?' असा विचार घरात सुरू आहे.

थांबू नका. प्रत्यारोपणाच्या यादीत नाव घाला, बाकीचं सावकाश वाचा.

मी डॉक्टर नाही, पॉलिमरवाला आहे (पॉलिमर म्हणजे लांब साखळीच्या रेणूंचे, प्लास्टिकसारखे पदार्थ). त्यामुळे तंत्राबद्दल सांगतो. बायोप्रिंटिंग म्हणजे जिवंत पेशी आणि त्यांना आधार देणारा पदार्थ थरावर थर छापणं. फोर-डी प्रकारात तापमान, पाणी, आम्लता किंवा प्रकाश बदलला की आपला आकार किंवा गुणधर्म बदलणारे पदार्थ वापरतात. वस्तू छापून झाल्यावरही बदलत राहते, म्हणून काळ ही चौथी मिती.

माझं लाडकं उदाहरण खरं तर प्रिंटिंगचं नाहीच. टोकियोत संशोधक तेरुओ ओकानो यांनी पेशी वाढवायच्या तबकडीवर एका पॉलिमरचा अतिशय पातळ थर दिला. ३७ अंशांना पेशी त्यावर चिकटून वाढतात. तापमान ३२ च्या खाली नेलं की पॉलिमर पाणी शोषतो आणि पेशींची अख्खी चादर अलगद सुटते. एरवी पेशी सोडवायला एन्झाइम लागतं, ते पेशींमधले दुवेही तोडून टाकतं. जपानमध्ये रुग्णाच्याच तोंडातल्या अस्तराच्या पेशींची अशी चादर करून डोळ्याच्या कॉर्नियावर बसवली. ते निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले.

आता छपाई. २०१७ मध्ये लिओनिद इओनोव या संशोधकाच्या गटाने अल्जिनेट आणि हायलुरोनिक आम्ल या जेल होणाऱ्या पदार्थांचे पातळ थर पेशींसकट छापले. वाळताना पापड कडेने वळतो ना, तसे हे थर पाण्यात पडल्यावर गुंडाळून नळ्या झाले. सर्वांत बारीक नळीचा आतला व्यास २० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि पेशी किमान ७ दिवस जिवंत. इतकी बारीक पोकळ नळी नोझलने थेट छापणं फार अवघड. आणि रक्तवाहिनीपासून साधारण २०० मायक्रॉनपलीकडच्या पेशीला ऑक्सिजन पुरत नाही, म्हणून जाड अवयवाचं घोडं इथेच अडतं.

माणसात काम केलेलं उदाहरणही आहे. मिशिगन विद्यापीठात ग्लेन ग्रीन आणि स्कॉट हॉलिस्टर यांनी श्वासनलिका खचणाऱ्या बाळांसाठी पॉलिकॅप्रोलॅक्टोन नावाच्या पॉलिमरचा आधार छापला. बाळ वाढतं तसा तो उघडत जातो आणि काही वर्षांत विरघळतो. पहिला २०१२ मध्ये बसवला. पण त्यात एकही जिवंत पेशी नव्हती, हे व्हिडिओवाले सहसा सांगत नाहीत.

किडनीचं काय? एका किडनीत सुमारे १० लाख नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणारे सूक्ष्म घटक. प्रत्येकात केशवाहिन्यांचा गुच्छ, त्याला जोडलेली लांब वळणदार नलिका, आणि नलिकेच्या टप्प्याटप्प्याला वेगळ्या जातीच्या पेशी. एक थर गुंडाळून नळी करणं आणि हे, यात फार मोठी दरी आहे. माझ्या मते चार-पाच वर्षांत ती भरणार नाही.

मृत दात्याच्या किडनीसाठी नाव रुग्णालयामार्फत विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडे, म्हणजे झेडटीसीसीकडे, नोंदवतात. वडिलांच्या नेफ्रॉलॉजिस्टना या आठवड्यातच विचारा. सोबत घरातल्या कुणाची किडनी जुळते का तेही तपासा. देणारा तयार आहे पण रक्तगट जुळत नाही असं झालं, तर दुसऱ्या तशाच कुटुंबाशी अदलाबदल करता येते. २०११ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात त्याची सोय आहे.