आधी प्रकाशशंकू स्वतः काढ
अरे कृष्णविवर समजून घ्यायचं तर टेन्सरचे (सापेक्षतेच्या गणितातल्या राशींचे) इंडेक्स वरखाली करत बसू नकोस, आधी प्रकाशाचे किरण हाताने काढ; एका बिंदूतून प्रकाश कुठे कुठे जाऊ शकतो ते दाखवणारा आकार म्हणजे प्रकाशशंकू. ठाणे-पनवेल लोकलला बसायला मिळालं की वही उघडायची. श्वार्झशिल्डच्या, म्हणजे न फिरणाऱ्या कृष्णविवराच्या, टी-आर (काळ-अंतर) कोऑर्डिनेट्समध्ये आर = २एम जवळ (एम म्हणजे वस्तुमान, जी = सी = १ धरून) शंकू मिटत जातो, वाटतं प्रकाश तिथे थांबलाच, पण तो दोष नुसता कोऑर्डिनेट्सचा. आता एडिंग्टन-फिंकेलस्टाइनचा व्ही (आत जाणाऱ्या किरणावर बदलत नाही असा काळाचा कोऑर्डिनेट) घे, बाहेर जाणाऱ्या किरणाचा डीआर/डीव्ही येतो ½(१ − २एम/आर), म्हणजे लांब असताना धन, २एमवर शून्य आणि आत गेलास की ऋण, बाहेरच्या दिशेने सोडलेला किरणसुद्धा आतच सरकतो, आणि हे स्वतःच्या पेन्सिलीने उमटलेलं बघशील ना तेव्हा क्षितिज (जिच्या आतून प्रकाशही सुटत नाही ती सीमा) म्हणजे काय ते खरं कळेल. पेनरोझ आकृत्या (अख्खा अवकाश-काळ कागदावर मावेल असा आखडून काढलेल्या) त्यानंतरच. मग अमल कुमार रायचौधुरींचं १९५५चं समीकरण, मुक्तपणे जाणाऱ्या वाटांची जुडी गुरुत्वाकर्षणाने कशी आवळत जाते ते त्यात दिसतं, १९६५ मध्ये पेनरोझने सिंग्युलॅरिटीचं (जिथे वाटा अचानक संपतात त्याचं) प्रमेय मांडलं त्याच्या मुळाशी हेच आवळणं आहे. तिथे ऊर्जेची अट (ऊर्जा ऋण नसावी ही) नेमकी कुठल्या पायरीला लागते ते शोधच, घाई करू नकोस. अडलास तर रविवारी तलावपाळीला भेट, पण आकृती काढून आण.