सिमेंटचा गिलावा केला, तरी ओल वर का चढली?

प्रश्न : दगडी भिंतीला जमिनीपासून तीनेक फूट ओल होती. तेवढ्या भागाला सिमेंटचा गिलावा केला. आता ओल गिलाव्याच्या वर दिसते. असे का?

उत्तर : सच्छिद्र दगडातल्या बारीक वाटांतून पाणी केशाकर्षणाने चढते. वाट अरुंद, तितकी चढण उंच. ०.०१ मिमी त्रिज्येच्या नळीत पाणी सुमारे दीड मीटर चढू शकते, ०.००१ मिमीच्या नळीत पंधरा मीटर! भिंत एवढी भिजत नाही, कारण पाणी पृष्ठभागावरून उडून जाते. खालून येणारे आणि उडणारे पाणी जिथे सारखे होते, तिथे ओलीची रेघ थांबते. सिमेंटने उडायची वाटच बुजली, म्हणून रेघ वर सरकली.

चढण्याचा वेगही मंदावत जातो. कोरड्या दगडाचा तुकडा ताटलीतल्या ५ मिमी पाण्यात उभा करा. पहिला सेंटिमीटर एका मिनिटात भिजला, तर दुसऱ्यापर्यंत पोहोचायला एकूण साधारण चार मिनिटे लागतील, तिसऱ्याला नऊ.

खरे नुकसान होते ते पाण्यासोबत आलेल्या क्षारांमुळे. पृष्ठभागावरची त्यांची पांढरी लव निरुपद्रवी. पण आतल्या छिद्रांत स्फटिक वाढले की पापुद्रे सुटतात. ती लव पाण्याने धुऊ नका, क्षार विरघळून परत आत जातात. कोरड्या ब्रशने झाडा.

आधी पायाशी साचणारे पाणी वळवा, मग सिमेंट काढा, भिंत सुकू द्या (यात महिने जातात, घाई नको) आणि चुन्याचा गिलावा करा, त्यातून पाणी उडू शकते. वर ऑइलपेंट मात्र लावू नका, नाहीतर पुन्हा तीच गत.