फायरवॉल बदलण्याआधी लाइनचा ओएनटी ब्रिज मोडमध्ये आहे का ते बघा

तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. जुन्या एपीयू२ बोर्डावर (पीसी इंजिन्स कंपनीचा छोटा संगणक) ओपीएनसेन्स हे फुकट मिळणारं फायरवॉल सॉफ्टवेअर, दोन ब्रॉडबँड लाइन, शाखेशी वायरगार्ड टनेल, म्हणजे इंटरनेटवरून दोन ऑफिसं जोडणारी बंदिस्त वाट (व्हीपीएन). तक्रार ही की पिंग (पोच तपासणारं छोटं पॅकेट) जातो पण रिमोट डेस्कटॉप लॉगिनलाच अडकतो, शाखेकडून सुरू करायला गेलं तर टनेल लागतच नाही, आणि पहिली लाइन मेली तरी ट्रॅफिक दुसरीवर जात नाही. वर दोघांनी "फुकटचं सॉफ्टवेअर सोडा, नावाजलेली फायरवॉल घ्या" असं लिहिलंय. माझं मत अगदी उलट आहे. तिथे लाखाचा बॉक्स ठेवलात तरी हीच लक्षणं दिसतील.

पुण्याजवळच्या भोसरी-चाकण भागातल्या लहान कारखान्यांची नेटवर्क मी सांभाळतो. एका वर्कशॉपमध्ये हेच तिन्ही त्रास होते आणि तिन्हींचं मूळ आमच्या फायरवॉलच्या पुढे, इंटरनेटवाल्यांनी भिंतीवर लावलेल्या ओएनटीत, म्हणजे फायबर जिथे येते त्या डब्यात होतं. तो राउटर मोडमध्ये होता, ब्रिज मोडमध्ये नाही; ब्रिजमध्ये तो लाइन नुसती पुढे देतो आणि राउटरचं काम फायरवॉल करते. म्हणजे नॅट (आतले पत्ते बाहेरच्या एका पत्त्यामागे लपवणं) दोनदा, आणि बाहेरून आलेलं टनेल आमच्या फायरवॉलपर्यंत पोचतच नव्हतं. त्याचा पत्ता १९२.१६८.१.१, दुसऱ्या लाइनच्या ओएनटीचाही तोच, आणि ओपीएनसेन्स काय, त्याच्यासारखंच पीएफसेन्स काय, नवीन टाकल्यावर लॅनचा (आतल्या नेटवर्कचा) पत्ताही तोच असतो. तिन्ही वेगळे केल्याशिवाय पुढचं काही तपासण्यात अर्थ नाही.

फेलओव्हर, म्हणजे एक लाइन मेल्यावर दुसरीवर जाणं, होत नाही त्याचं कारणही तिथेच सापडेल. मॉनिटर आयपी (लाइन जिवंत आहे का ते ज्या पत्त्यावर तपासायचं तो) रिकामा ठेवला की फायरवॉल गेटवेलाच पिंग करते. गेटवे म्हणजे दोन फुटांवरचा ओएनटी. बाहेर फायबर तुटली तरी तो उत्तर देतच राहतो, मग लाइन 'ऑनलाइन'च दिसणार. मॉनिटर आयपी म्हणून एका लाइनला १.१.१.१ आणि दुसरीला ८.८.८.८ असे बाहेर इंटरनेटवरचे सार्वजनिक पत्ते द्या. दोघींना एकच पत्ता देऊ नका.

आता ज्यात आमचा सगळ्यात जास्त वेळ आणि मालकाचा पैसा गेला ते सांगतो. आम्ही कंपनीकडे एवढंच मागत होतो: ओएनटी ब्रिज करा, पीपीपीओईचा (लाइनवर लॉगिन करण्याच्या पद्धतीचा) यूजरनेम-पासवर्ड द्या, लाइनवर इंटरनेट ज्या व्हीलॅनवर येतं त्याचा नंबर द्या. कॉल सेंटरचं उत्तर, "सर, नेट चालू दिसतंय ना?" स्थानिक ऑफिस म्हणे हे हेड ऑफिसचं काम. हेड ऑफिस तक्रार बंद करून टाकी, शेरा "ग्राहकाच्या उपकरणात दोष". शेवटी एका भल्या टेक्निशियनने येऊन ब्रिज करून दिलं. काही दिवसांनी कंपनीने लांबून टीआर-०६९ ने (ग्राहकाकडचं उपकरण दुरून चालवायची पद्धत) सेटिंग पुन्हा ढकललं आणि ओएनटी परत राउटर झाला, तेही ऐन डिस्पॅचच्या वेळी. बिझनेस प्लॅनचे पैसे घेणाऱ्यांनी असं वागावं याचा मला आजही संताप येतो. ज्या माणसाची गाडी गेटवर उभी आहे आणि ई-वे बिल निघत नाही, त्याला "उपकरणात दोष" सांगून फोन ठेवणं ही सेवा नव्हे.

म्हणून माझा आग्रह: पैसे भरण्याआधी ईमेलवर लिहून घ्या की ब्रिज मिळेल, तो त्यांच्या प्रोव्हिजनिंग प्रोफाइलमध्येच (लांबून ढकललं जाणारं सेटिंग ज्यात ठरतं त्यात) नोंदवला जाईल आणि स्टॅटिक (न बदलणारा) आयपी सार्वजनिक असेल. प्रत्येक तक्रारीचा डॉकेट नंबर जपा. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१२ च्या तक्रार निवारण नियमांत अपिलाची पायरी आहे. आम्ही अपील केल्यावरच प्रोफाइल बदललं गेलं.

टनेल लागत नाही त्याचं दुसरंही कारण असू शकतं. ओएनटीच्या स्टेटस पानावर वॅन (इंटरनेटच्या बाजूचा) पत्ता १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात, म्हणजे कंपनी अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवते; बाहेरून आत येणं बंद. स्टॅटिक आयपी नाहीच मिळाला तर सार्वजनिक पत्त्याचा छोटा व्हीपीएस (इंटरनेटवरचा आभासी सर्व्हर) भाड्याने घ्या, दोन्ही ऑफिसांनी त्याला वायरगार्ड लावायचं आणि कीपअलाइव्ह (वाट उघडी ठेवणारा ठराविक वेळाचा संदेश) २५ सेकंद.

पिंग जातो पण रिमोट डेस्कटॉप अडकतो, हे बहुतेक वेळा एमटीयूचं, म्हणजे लाइनवरून जाऊ शकणाऱ्या सर्वांत मोठ्या पॅकेटच्या मापाचं दुखणं असतं. पीपीपीओईवर १४९२ बाइट, त्यामुळे वायरगार्डला नेहमीचे १४२० सोडून १४१२ द्या आणि टनेलवर एमएसएस (एका टीसीपी पॅकेटमधला जास्तीत जास्त डेटा) १३७२ ला बांधा. साधा पिंग छोटा असतो, तो निघून जातो; मोठी पॅकेट वाटेत मरतात.

ब्रिज झाल्यावर मात्र पीपीपीओईचा भार तुमच्या एपीयू२ वर येईल, हे आधीच सांगून ठेवतो. नेटवर्क कार्ड आयपी हेडर बघून पॅकेट वेगवेगळ्या कोअरना वाटतं. पीपीपीओईत ते हेडर आत गुंडाळलेलं असल्यामुळे फ्रीबीएसडीवर (ओपीएनसेन्स ज्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतं ती) सगळं एकाच कोअरवर पडतं. चार कोअरच्या १ गिगाहर्ट्झ प्रोसेसरवर डॅशबोर्ड २५ टक्के दाखवतो आणि वेग मात्र वाढत नाही. १०० एमबीपीएसच्या लाइनला हा बोर्ड पुरतो. त्याहून बऱ्याच मोठ्या लाइनला इंटेलचे नेटवर्क पोर्ट असलेला, एन१०० प्रोसेसरचा मिनी पीसी घ्या. रिअलटेक चिपचे पोर्ट मी फ्रीबीएसडीसाठी घेत नाही. एपीयूचं उत्पादन बंद करत असल्याचं पीसी इंजिन्सने २०२३ मध्ये जाहीर केलं, त्यामुळे आता नवीन जागी तो बसवू नका. पण चालू असलेला चांगला बोर्ड फेकूही नका.

जाता जाता: लॉग बोर्डावरच्या छोट्या एसएसडीवर साठवू नका, सिसलॉगने (नोंदी नेटवर्कवरून पाठवायची सोय) वेगळ्या मशीनवर पाठवा. सरकारी सायबर सुरक्षा संस्था सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांत १८० दिवसांचे लॉग ठेवायला सांगितलंय. तुमच्या कंपनीला ते नेमकं कसं लागू होतं हे तुमच्या सल्लागाराला विचारा, मी वकील नाही. आणि हे सगळं बदलण्याआधी कॉन्फिगरेशनची एक्सएमएल फाइल उतरवून घ्या. बदल रविवारीच करा, प्रॉडक्शन चालू असताना नको.

आकडे माझ्याकडच्या लाइनचे आहेत, तुमच्याकडे पीपीपीओई नसेल तर एमटीयू वेगळा येईल. दोन्ही ओएनटी ब्रिजमध्ये आहेत की राउटरमध्ये, आणि वॅन पत्त्याचे पहिले दोन भाग (जसे १००.६४) काय आहेत, एवढं इथे लिहा. पूर्ण पत्ता टाकू नका. रात्री बघून उत्तर देतो.